दोन्ही बाजूंची वही : पूरक चिकित्सकांच्या स्वेच्छा-नियमनाविषयी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च खजिनदारांनी आताच आपल्यासमोर वाचला आहे. मी त्याची पुनरुक्ती करणार नाही. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि उभे आयुष्य वह्या, पावत्या व नोंदवह्या यांत गेले आहे. तेव्हा वैद्यकातील गुणदोषांवर निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु नोंदवहीत काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, एवढे मला पाहता येते. आजचा विषय त्यातूनच आला आहे.

आपल्या केसपेपरवर एक रकाना आहे : ‘यापूर्वी घेतलेले उपचार’. मढ परिसरातील रुग्णांच्या केसपेपरवर तो बहुधा कोरा असतो. विचारले तर नातेवाईक एकमेकांकडे पाहतात आणि ‘कुठंच नाही’ असे उत्तर येते. रुग्णाच्या मनगटाला दोरा असतो, गुडघ्यावर लेपाचे डाग असतात, गळ्यात काविळीची माळ असते, तरीही ‘कुठंच नाही’. हे खोटे बोलणे नव्हे, हे भय आहे. डॉक्टर रागावतील, चार माणसांत हसतील, कदाचित दाखलच करून घेणार नाहीत, असे त्यांना वाटते. याचा परिणाम असा की डॉक्टरांना जी माहिती सर्वांत आधी हवी, तीच नेमकी मिळत नाही.

आपल्या भागात माणूस आजारी पडला की पहिली पायरी रुग्णालयाची नसते, हे मान्य करावयास हवे. पिंपळगाव जोगे धरणाच्या काठापासून माळशेजच्या माथ्यापर्यंत वाड्या विखुरलेल्या आहेत. भातलावणीच्या दिवसांत चिखलातून वर आलेल्या माणसाला रात्री ओतूर किंवा जुन्नर गाठावयाचे म्हणजे गाडी, भाडे आणि दुसऱ्या दिवसाची बुडालेली मजुरी. जाणता माणूस मात्र शेजारच्या वाडीत असतो. तो पैसे मागत नाही. नारळ, तांदूळ, फार तर एखादी कोंबडी. तो रुग्णाच्या बापाला ओळखत असतो. अशा वेळी लोक त्याच्याकडे जातात याला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. प्रश्न ते तेथे का जातात हा नसून, तेथे गेल्यावर पुढे काय होते हा आहे.

‘पूरक चिकित्सक’ या शब्दात आपण अनेकांना एकत्र कोंबतो, म्हणून थोडी वर्गवारी आवश्यक आहे. आयुर्वेद व युनानीच्या पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमाखाली होते, होमिओपॅथांची १९५९ च्या. अ‍ॅक्युपंक्चरसाठीही आपल्या राज्याने २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला. या मंडळींच्या डोक्यावर कायदा आहे. त्यांच्या सीमारेषेवरही तंटे आहेतच. मुंबईतील एका होमिओपॅथने आधुनिक औषधे दिल्यानंतर रुग्ण दगावला, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याला जबाबदार धरले. जी पद्धती आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे २०१४ साली राज्याने होमिओपॅथांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ठरावीक आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. तो वाद २०२५ सालीही धगधगत होता. तो विषय न्यायालयांचा व परिषदांचा आहे, मी तो तेथेच सोडतो. माझा प्रश्न त्यांच्याविषयी आहे ज्यांच्यासाठी कोणतीही परिषद नाही : हाडे बसविणारे, कावीळ उतरविणारे, विंचू-साप उतरविणारे, मुळ्या देणारे.

एक गोष्ट सांगावीशी वाटते, विषयाला सोडून असली तरी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्याचे चार पैसे मिळतात. तो हिरडा वाळविला जातो, निवडला जातो. व्यापारी मूठभर हातात घेऊन फोडून पाहतो आणि मगच भाव सांगतो. त्रिफळ्यात पडणाऱ्या हिरड्याची पारख होते, पण त्याच रानातील मुळी कोण, कोणाला, किती देतो याची पारख करणारा कोणी नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते असे. साप चावला म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांना बिनविषारी साप चावलेला असतो. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष भिनतेच असे नाही. त्या रुग्णावर मंत्र टाका वा टाकू नका, तो बरा होतो. काविळीचेही बरेचसे तसेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची पथ्य व विश्रांतीने आपोआप ओसरते. माळ घातली तरी ओसरते, न घातली तरी ओसरते. साधे, न सरकलेले हाड बांबूच्या कामट्यांत नीट स्थिर ठेवले तर जुळते. म्हणजे जाणत्याच्या पदरी यशाची मोठी रास जमा होते आणि त्याचा आत्मविश्वास प्रामाणिक असतो. परंतु घोणस किंवा मण्यार चावलेला जो माणूस वाचत नाही, तो त्याच्या अंगणात मरत नाही. तो वाटेत मरतो, किंवा आमच्याकडे, किंवा पुण्यात. हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ गरोदर स्त्रीला झाली तर ती जीवघेणी ठरू शकते, ती स्त्री माळ घालून माहेरी जाते आणि पुन्हा दिसत नाही. जाणत्याला वाटते, बरी झाली असेल.

वाणिज्याच्या भाषेत सांगावयाचे तर त्याच्या वहीला जमेचीच बाजू आहे, नावेची बाजूच नाही. आणि तक्रार एकट्याचीच कशाला करावी? रुग्णालयांच्या वह्या नेमक्या उलट्या असतात. जाणत्याच्या हातून बरे झालेले आमच्यापर्यंत येतच नाहीत, बिघडलेले तेवढे येतात. म्हणून आम्हांला तो केवळ घातकी दिसतो. दोघांच्याही हाती अर्धी खातेवही, आणि दोघेही त्या अर्ध्यावरून ताळेबंद काढतात.

काही वर्षांपूर्वीची एक घटना येथे सांगणे अगत्याचे आहे. हिरड्याच्या झाडावरून पडलेल्या एका मुलाला चौथ्या दिवशी आपल्याकडे आणले. कोपराजवळचे हाड मोडले होते. कामट्या घट्ट आवळलेल्या, बोटे गार व काळसर. त्याला तातडीने पुण्यास हलविले. हात राहिला, परंतु बोटे आजही पूर्ण उघडत नाहीत. दोन दिवसांनी ज्यांनी तो हात बांधला होता ते वयस्कर गृहस्थ स्वतः केसपेपरच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले, मुलाची चौकशी करण्यासाठी. मी त्यांना आत बसविले. ते म्हणाले, “बोटं गार पडली की पाठवायचं, एवढं कुणी सांगितलं असतं तर म्या त्याच राती पाठवला असता. पर मागं एकाला शहरातल्या दवाखान्यात धाडला, तर तिथं त्याच्या आईम्होरं इचारलं, कुठल्या गाढवानं बांधलं हे. मग कशाला धाडावं?” आमच्या डॉक्टरांनी त्यांना नख दाबून सोडण्याची खूण दाखविली : दाबल्यावर पांढरे झालेले नख सोडताच चटकन गुलाबी झाले पाहिजे, न झाले, किंवा बोटे सरळ करताना रुग्ण ओरडला, तर बंध ताबडतोब सैल करून रुग्णालयात पाठवावयाचे. शिकावयास त्यांना पाच मिनिटे लागली. ती पाच मिनिटे त्यांना त्या वयापर्यंत कोणी दिली नव्हती.

स्वेच्छा-नियमन म्हणजे काय, याचे उत्तर मला त्या पाच मिनिटांत सापडते. पण आपल्यापैकी काहीजण रास्तपणे विचारतील, की ज्यावर कायद्याचा बडगा नाही ते नियमन टिकते काय? याची उदाहरणे आपल्या प्रांतातच आहेत.

पाश्चात्त्य वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने सुरू झाली. वैद्यांना तो मान १९३८ च्या कायद्याने मिळाला. मधल्या काळात वैद्य स्वस्थ बसले नव्हते. त्याच्याही आधी, १९०७ साली, शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकला वैद्यांचे संमेलन भरले, त्यातून अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि तिच्या विद्यापीठाने वैद्यांच्या परीक्षा घेण्यास प्रारंभ केला. सरकारने सांगितले नव्हते. परीक्षा न देताही वैद्यकी करता येत होती. तरीही लोक परीक्षेस बसले, कारण त्यांना भोंदूंपासून आपले नाव वेगळे करावयाचे होते. कायदा नंतर आला.

दुसरे उदाहरण पुण्याचेच. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेत शिकवू इच्छिणाऱ्याला वर्षानुवर्षे साधना करून ज्येष्ठ शिक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते. कोणत्या श्रेणीच्या शिक्षकाने काय शिकवावे हे ठरलेले असते. व्याधिग्रस्तांना शिकविणे हे नवशिक्याचे काम मानले जात नाही. प्रमाणपत्रावरील चिन्ह ही त्या परंपरेची मालमत्ता आहे, आणि अटी मोडणाऱ्याला ते वापरता येत नाही. जगातील कितीतरी देशांत योगशिक्षणावर कोणताही कायदा नसताना हा शिस्तीचा डोलारा पुण्यातून उभा राहिला. तो टिकला, कारण शिक्षकाला गमावण्यासारखे काही होते.

सरकारी पातळीवरही असे प्रयत्न झाले आहेत. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१५ साली योगशिक्षकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली. नंतर गावोगावच्या परंपरागत आरोग्यसेवकांसाठीही एक ऐच्छिक योजना तयार झाली. तिच्यात ‘हा वैद्य आहे’ असा सरसकट दाखला मिळत नाही; साधी हाडे बसविणे, कावीळ, संधिवात अशा एकेका विषयापुरतीच पारख होते, आणि जाणत्याला लिहिता येत नसेल तर काम पाहून व तोंडी विचारून होते. ही विषयवार मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते.

परदेशाचाही एक दाखला घेऊ. ब्रिटनमध्ये २००८ साली पूरक चिकित्सकांसाठी एक स्वेच्छा-नोंदणी परिषद स्थापन झाली. तिच्यात नाव नसले तरी व्यवसाय करण्यास बंदी नाही. त्या देशातील अशा नोंदवह्यांना मान्यता देणारे वेगळे प्राधिकरण आहे. होमिओपॅथांच्या एका संघटनेच्या नोंदवहीला त्याने २०१४ साली मान्यता दिली होती; सभासदांच्या अवाजवी दाव्यांसंबंधी घातलेल्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून २०२१ साली ती स्थगित केली. आपलीच माणसे आपल्यांना तपासतात तेव्हा डोळेझाक होते. बाहेरचा हिशेबतपासनीस लागतोच. आपल्या संस्थेलाही तो आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली आपली पत्रके दरवर्षी तपासली जातात. त्याच अधिनियमाखालील २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखाव्या लागतात, आणि त्याचीही नोंद तपासली जाते. तपासणीमुळे आपली प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी म्हणणार नाही.

आणि नोंदीचे बळ पाहावयाचे असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत खेड्यातील स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची काळजी सोपविली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने ते काम छापले, आणि जगाने ते मानले, कारण तेथे जगलेल्या बाळाबरोबर मेलेल्या बाळाचीही नोंद झाली होती.

विश्वस्त मंडळासमोर मी जो विचार ठेवला आहे तो यावरूनच. आपल्या परिसरातील जे जाणते स्वेच्छेने तयार होतील त्यांना रुग्णालयाने एक वही द्यावी. तीत रुग्णाचे नाव, गाव, केव्हा आला, काय केले, कोठे पाठविला, एवढेच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी नात किंवा नातू लिहील. दर महिन्याला आमचा एक कर्मचारी वही पाहील आणि रुग्णाच्या संमतीने त्याचे पुढे काय झाले ते त्याच पानावर लिहून येईल. बरे झाले तेही, दगावला तेही. मृत्यूची नोंद करण्यास सर्वांत जास्त विरोध होईल हे मी जाणून आहे. ती नोंद शिक्षेसाठी नाही, हे आम्हांला आमच्या वागण्यातून सिद्ध करावे लागेल.

वहीच्या पहिल्या पानावर मर्यादा छापल्या जातील, आणि त्या आमच्या डॉक्टरांनी व या मंडळींनी एकत्र बसून ठरवावयाच्या आहेत. काहींबाबत मात्र चर्चेस जागा नाही. सर्पदंशावर कोणीही उपचार करावयाचा नाही. कापणे, चोखणे, आवळून बांधणे नाही. हातपाय हलू न देता माणूस थेट प्रतिविष असेल तेथे न्यावयाचा. येथून जवळ नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर अनेक वर्षे जे काम केले आहे त्यामुळे हे आपल्या तालुक्याला नवे नाही. साप, कुत्रा वा विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे. कुत्रे चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयाची आणि लसीसाठी पाठवावयाचे. कावीळ झालेली स्त्री गरोदर असेल, किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. लहान मुलाचे कोपर, कोणाचाही मणका वा खुबा, आणि जखमेतून दिसणारे हाड यांना हात लावावयाचा नाही. बाजारातून आणलेली, आत काय आहे ते ठाऊक नसलेली संधिवाताची पूड कोणाला द्यावयाची नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघते आणि ते घेणाऱ्याला पहिला महिना फार बरे वाटते, हेच त्यातील संकट.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आक्षेप घेतला, की अशाने आपण बेकायदा व्यवसायाला मान्यता देऊ. आक्षेप वजनदार आहे. नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय करण्यास महाराष्ट्रात कायद्याने मनाई आहे, आणि आपली वही म्हणजे परवाना नव्हे. म्हणून रुग्णालय कोणालाही प्रमाणपत्र देणार नाही, आपले नाव कोणाच्या पाटीवर वापरू देणार नाही, आणि वही मिळालेल्याने ‘डॉक्टर’ ही उपाधी लावली तर वही परत घेतली जाईल. वकिलांचा सल्ला घेतल्याशिवाय एक ओळही छापली जाणार नाही. परंतु याउलट, काहीच न करणे म्हणजे कायदा पाळणे, हेही मला मान्य नाही. जाणत्याच्या अंगणात जाणारा माणूस आपल्या ठरावाने थांबणार नाही. तो तेथून आपल्याकडे किती लवकर येईल, एवढेच आपल्या हाती आहे.

आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्या लागतील. पाठविलेल्या रुग्णासमोर पाठविणाऱ्याची निंदा कोणी करणार नाही, मग तो डॉक्टर असो वा परिचारक. हा नियम मी कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर लावणार आहे. आणि वही दाखवून आलेल्या रुग्णाला रांगेत न ठेवता आधी पाहिले जाईल. जाणत्याला पैसे द्यावयाचे नाहीत. रुग्ण पाठविण्याबद्दल दिलेला एक रुपयाही पुढे दलालीच होतो, आणि शहरांतून ती कीड किती पसरली आहे हे आपण जाणता. त्याला मिळेल तो मान, आणि आमच्या डॉक्टरांची परतीची चिठ्ठी.

देणगीदारांकडे माझे मागणे लहान आहे. वह्यांचा व छपाईचा खर्च संस्था करील. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण पावसात काही वाड्यांपर्यंत गाडीच पोहोचत नाही. तेथून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्ण आणणाऱ्या खाजगी जीपचे भाडे देण्यासाठी एक छोटा स्वतंत्र निधी असावा. त्याचा हिशेब पुढील अहवालात वेगळा छापला जाईल.

मृगाच्या पावसाआधी पहिल्या वह्या वाटल्या गेल्या पाहिजेत, कारण साप आणि भातलावणी दोन्ही बरोबरच येतात. भाषणे संपल्यावर मागील खोलीत डॉक्टर मर्यादांचा कच्चा मसुदा घेऊन बसणार आहेत. सुईणी व हाडवैद्यांनी आधी तिकडे जावे, जेवण त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. विश्वस्तांपैकी ज्यांना आक्षेप आहेत त्यांनीही तेथेच यावे, ही विनंती.